बोरीत, बोरीवर

मीटर रीडिंगचं जुनं रजिस्टर,
मागचे चाळीस पानं कोरे होते.
तिथं सुरुवात केली.
चौतीस वर्सं खांबावर चढलो मी,
पाय टाकाच्या आधी पायरी हालवून पाह्याची सवय.

नात पाच वर्साची, सेगेदले राह्यते.
जावई तिकडचाच.
मराठी तिले 'आजा' अन् 'पोळी' एवढीच येते.
नाव बोरबाला, घरी बोरी म्हनतात.
मी म्हनलं कुंदाले, गावाचं नाव ठेवलं का पोरीले?
ते हासली. नाई म्हनली नाई.

पह्यली पायरीच हालत होती.
एस लिवला का श वाचाचा,
स पाह्यजे तर एसच्या शेपटाले झेड बांधाचा.
कोनी तरी फेज अन् न्यूट्रल
उलटे जोडून ठेवले, असं वाटे.

मंग प्रत्यय.
हाझ म्हनजे घर. घरात : हाझबॉन.
केर्त म्हनजे वाडी. वाडीत : केर्तबेन.
आपला 'त' एकच, त्यायचे दोन,
शब्दाचं तोंड पाहून बसतात.
आमचा चक्कीवाला दशरथ
गहू आला का पाट आवळते,
भरडा आला का ढिल्ला करते, तसं.

कुत्र्याले कुत्यॉ.
कोन्या काळी आपलंच एखादं कुत्रं
तिकडं निघून गेलं असंन.
पन दोन कुत्रे म्हनता येत नाई, दोन कुत्रा.
आकडा सांगतला ना एकदा,
मंग अनेकवचनाचं दुसरं बिल कायले?
आमच्या हापिसाले हे कोनी शिकोलं नाई.

तो अन् ती नाई. दोघायले एकच : ओ.
बायको म्हने, मंग समजावं कसं, पोरगा का पोरगी?
म्हनलं, आपुन बी 'ते आली' म्हनतोच ना.

'माह्यापाशी हाय' असं नाई म्हनत थे लोक.
नेकेम व्हॉन. मले हाय.
मले!
ह्याच शब्दावर नाशिकच्या ट्रेनिंगात
आख्खी खोली हासली होती माह्यावर.
बॅटरीच्या उजेडात दोनदा म्हनलं, मोठ्यानं,
लाईट माह्याच फीडरची गेली होती.

चौथ्या महिन्यात क्रियापदाले पाय फुटले.
खांब दिसते, कोनताबी : लातोक.
तो खांब, पाटाजवळचा,
जिथं माहा हात भाजला : लातोम.
वस्तू वळखीची निघाली का
पाह्यनंच बदलते.

अन् समोर 'तू' असली तर शेवटी लेक लागते.
सेरेतलेक.
मी, तू, माया, तिन्ही एकाच शब्दात,
मंधात वारा जाले जागा नाई.
त्यायच्यासाठी लेक हा नुसता प्रत्यय.
मी पेन खाली ठेवला.
कुंदाले असं कधी म्हनलं नाई.
फोन आला का 'जेवली का' म्हनतो,
अन् बायकोच्या हातात देतो.

सध्या गावाच्या नेमावर अटकलो.
त्यायच्या गावावर राह्यतात : सेगेदेन, सेगेदवर.
परकं गाव असलं तर त्याच्या आत : लंडनबॉन.
म्हनून लिवलं, बोरीबॉन, बोरीत,
तीन डाव,
पक्कं व्हाले.

ऐतवारी फोन चालू होता.
पोरगी तिच्या शाळेतल्या कोन्या दोस्ताले
फ्रीजवरचा माहा फोटो दाखोत होती,
शिडीवरचा, पिवळ्या टोपीतला.
'नॉद्यॉपॉ बोरिन लॉकिक.'
आजा बोरीवर राह्यते.

पुस्तकाप्रमानं चुकलं.
कुंदा दुरुस्त कराले लागली,
म्हनलं, राहू दे बाई.
रजिस्टर उघडलं.
तिन्ही ओळी तशाच ठेवल्या,
बाजूले लिवलं, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं.